चौदावी पायरी

एक गोष्ट मी सहा वर्षे लपवून ठेवली. नसरापूरजवळच्या ज्या मंगल कार्यालयाचा मी चिटणीस आहे, त्याच्या इतिवृत्ताच्या वहीत एक वाक्य आहे : ‘तळघराच्या जिन्याशी घडलेला अपघात मिस्त्री कोंडिबा यांच्या हलगर्जीपणामुळे झाला.’ अक्षर माझे आहे. ते सुवाच्य आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि वाक्य खोटे आहे. लिहिताना ते मला ठाऊक होते. मी हळू बोलणारा माणूस आहे. लोक त्याला माझी सभ्यता समजतात. त्या दिवशी सभेत मी हळूसुद्धा बोललो नाही.

परंतु लिहायचे आहे ते कोंडिबांविषयी. मी या हकिगतीत नाइलाजाने आहे.

आमचे कार्यालय उतारावर बांधलेले आहे. वरच्या मजल्यावर लग्न लागते आणि तळघरात पंगत बसते. तळघर मुळात गाड्या लावण्यासाठी होते, पण गाड्या आत गेल्या की बाहेर निघत नसत, म्हणून तिथे माणसांना जेवायला बसवू लागले. खाली जायला सिमेंटचा एक अरुंद जिना. पावसाळ्यात ओल्या चपलांनी पाहुणे घसरत, म्हणून त्यावर पूर्वी कोणीतरी काथ्याचे तरट ठोकले होते. पुढे तरट झिजले आणि पाहुणे खिळ्यांना अडकून पडू लागले. तेव्हा आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे आबांनी, पुण्याच्या एका हॉटेलात पाहिल्याप्रमाणे जिन्यावर लाल गालिचा घालायचे ठरवले. गालिचा मागवण्याचे काम माझ्याकडे आले आणि जिना तयार करण्याचे काम कोंडिबांकडे.

ते विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीचे. घराणे शेळ्यामेंढ्या राखणारे. हे एकटेच गवंडीकामात उतरलेले. तेव्हा साठी उलटली असावी. उंच, वाळके, चष्म्याच्या दांडीला सुतळी बांधलेली. दोन्ही गुडघ्यांना ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेले असत, कारण त्यांचे आयुष्य गुडघ्यांवर बसून गेले होते. ते तुकडे ते कधीच सोडत नसत. लग्नातही तसेच येत. चालताना त्या रबराचा किर्र किर्र आवाज होई आणि माणूस दिसण्याआधी आम्हांला तो ऐकू येई.

त्यांची ख्याती अशी की ते कोणतेही काम पूर्ण करत नसत. रंगाआधीची भिंत, फरशीआधीची जमीन, गालिच्याआधीचा जिना एवढेच ते करत. रंग द्यायला, फरशी बसवायला दुसरा माणूस येई आणि वाहवा त्याची होई. एकदा मी विचारले, “कोंडिबा, शेवटपर्यंत का करत नाही?”

“म्या झाकायच्या आदीचा माणूस,” ते म्हणाले. “वरचं डोळ्याला दिसतं. खालचं पायाला दिसतं. मला पायाची बाजू घ्यावी वाटती. तिच्यावतीनं कुणी बोलत न्हाई.”

पायरीचे त्यांना विलक्षण कौतुक होते. “आमच्या वाडीत पायरीच न्हाई, चिटणीस. नुसता उतार. पावसात माणूस घरातनं निगतो आनि सरळ ओढ्यात पोचतो. पायरी म्हंजी काय, तर उताराला दिलेली समज.”

पहिल्या दिवशी त्यांनी जिन्याला हात लावला नाही. चपला काढल्या, डोळे मिटले आणि पाठमोरे, एकेक पाऊल चाचपत खाली उतरले. मग तसेच वर आले. सात-आठ वेळा असे झाल्यावर आबा मला म्हणाले, “ह्यांना बरं नाही का?” कोंडिबांनी डोळे न उघडता उत्तर दिले, “मला बरं हाय. तुमची सहावी पायरी आजारी हाय.” सहावी पायरी खरोखरच एका बाजूला बोटभर खचलेली निघाली. आम्ही त्या जिन्यावरून इतकी वर्षे जात होतो, आणि प्रत्येकाला वाटत होते की तिथे आपल्याच गुडघ्याला काहीतरी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यकारिणीला बोलावून घेतले. आबा, भोंगवलीचे तात्या आणि मी असे तिघे हजर होतो. कोंडिबांनी प्रत्येकाच्या हातात भरलेले ताट दिले आणि खाली उतरायला सांगितले.

तात्या स्वभावाने तार्किक. ते म्हणाले, “ताट कशाला? वाढतात खाली. वरून कोण ताट घेऊन जातं?”

“जात न्हाई,” कोंडिबा म्हणाले, “पर पंगतीला निगालेला माणूस पायरीकडं बगत न्हाई. त्याच्या डोळ्यांम्होरं ताटच असतं. तुमी जिलबीकडं बगा आनि उतरा.”

तीन वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थ हातातल्या जिलबीवर नजर खिळवून तळघराच्या जिन्यावरून सकाळभर वरखाली करत होते. कोंडिबा तळाशी उकिडवे बसून आमची फक्त पावले पाहत होते. जिथे ज्याचे पाऊल अडखळे तिथे ते खडूने फुली मारत. शेवटी फुल्या इतक्या झाल्या की तात्यांनी खडूवर आक्षेप घेतला आणि आबांनी जिलबी खाऊन टाकली.

मग खरे काम सुरू झाले. तरट उपटले, खिळे एकेक करून काढले, तरटाखाली लावलेला जुना डिंक पटाशीने खरवडला, तारेच्या ब्रशने घासला. तुटलेल्या कडा सिमेंटने भरून त्यांनी जराशा गोल केल्या, कारण धारदार कडेवर गालिचा वर्षभरात फाटतो. ओल पाहण्यासाठी पायऱ्यांवर प्लास्टिकचे तुकडे चिकटवून दोन दिवस ठेवले. आणि काम करताना छन्नी निसटून चांगल्या सिमेंटचा टवका उडाला, तर ते हातोडी खाली ठेवत, त्या पायरीवर तळवा टेकवत आणि मोठ्याने म्हणत, “चुकलं गं बाई माझं.” प्रत्येक वेळी. खणखणीत आवाजात. वर एखादे लग्न चालू असले तर मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत तळघरातून हे वाक्य स्पष्ट ऐकू येई, आणि वधूपक्ष एकमेकांकडे पाही.

“मनात म्हटले तर नाही का चालणार?” मी एकदा विचारले.

“मनात म्हनलं तर तिला कसं कळंल?” ते म्हणाले.

एक खिळा मात्र राहून गेल्याची त्यांना शंका होती. त्यासाठी त्यांनी पत्नीचे जुने नायलॉनचे पातळ आणले आणि ते दोन्ही हातांनी धरून प्रत्येक पायरीवरून हळूहळू ओढत नेऊ लागले. सूत अडकेल तिथे खिळा, असा हिशेब. त्याच वेळी मुलीसाठी कार्यालय पाहायला वेल्ह्याहून एक कुटुंब आले. त्यांना अंधाऱ्या जिन्यावरून एक गुलाबी पातळ आपोआप उतरताना दिसले, कारण धरणारे कोंडिबा कठड्याआड होते. ते कुटुंब पुन्हा आले नाही. खिळा अकराव्या पायरीवर सापडला.

याच सुमारास गालिचा आला.

मी तो मोजूनमापून मागवला होता, असे मी सर्वांना सांगितले होते. खरे असे की मी वरून मोजत उतरलो, खालच्या पायरीवर सतरंज्यांचा ढीग रचलेला होता, तिथे कोळिष्टके होती, आणि तेरा पायऱ्या झाल्यावर ढिगाखाली जमीन असणार असे मी ठरवून टाकले. जिन्याला पायऱ्या चौदा होत्या. गालिचा तेरा पायऱ्यांपुरताच आला. दोन्ही कडांना विणलेली सोनेरी किनार असलेला, खास बनवून घेतलेला, परत न होणारा.

कोंडिबांनी गुंडाळी उलगडली, खालपर्यंत सोडली आणि उघड्या राहिलेल्या चौदाव्या पायरीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “काय बिगडत न्हाई. शेवटची उगडी ठिवू. म्या तिला तांबडा रंग देतो. उलट बरंय, माणसाला कळंल, जिना सपला.”

किती सरळ उपाय होता. परंतु उघडी पायरी सर्वांना दिसली असती, आणि ती उघडी का, हे कोणीतरी विचारले असते. चोख माणूस म्हणून माझा जो काही लौकिक होता तो या मापावर उभा होता. मी म्हणालो, “सभेपुढे ठेवतो.”

सभेत मी पायरीविषयी बोललो नाही. मी यमाविषयी बोललो. आपल्याकडे घराच्या पायऱ्या मोजण्याची एक रीत आहे : इंद्र, यम, राजा, पुन्हा इंद्र, यम, राजा. शेवटची पायरी यमावर येऊ नये. मी अगदी सहज सुचल्यासारखे म्हणालो की आपल्या तळघराचा जिना चौदा पायऱ्यांचा आहे, आणि चौदावी यमावर येते.

आबांनी बोटांवर मोजले. तात्यांनी मोबाईलवर मोजले.

“म्हणजे आजवर इथं जेवलेली सगळी जोडपी यमावरून गेली,” तात्या म्हणाले. “त्यांना कळवायचं का?”

“नको,” आबा म्हणाले. “बरीच जणं आधीच भांडतायत. त्यांना कारण मिळेल.”

“खालून वर मोजलं तर?”

“तरी चौदाच.”

“दोन्ही पाय एकदम टाकून उतरलं तर?”

यावर विचार झाला, पण प्रस्ताव नवरीमुलीच्या दृष्टीने गैरसोयीचा ठरला. तेव्हा मी उपाय सुचवला. शेवटच्या पायरीपुढे तिच्याच उंचीचा एक ओटा बांधावा. म्हणजे ती पायरी ओट्यात मिसळून जाईल, जिना तेरा पायऱ्यांचा होईल आणि इंद्रावर संपेल. गालिचा पुरेल, हे मी सांगितले नाही.

कोंडिबांना बोलावून विचारले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “आबा, अशानं पायरी जात न्हाई. म्होरं सरकती. आज ती जिन्याच्या पायात हाय, उद्या ओट्याच्या टोकाला जाऊन बसंल. माणूस म्हनंल, जिना सपला, आनि तितं ती वाट बगत असंल.”

“पण ओटा म्हणजे पायरी नव्हे ना?” आबांनी विचारले.

“ओट्यावर माणूस बसतो,” मी म्हणालो. “पायरीवर चढतो.”

“मी पायरीवरही बसतो,” तात्या म्हणाले. त्यांच्या म्हणण्याची नोंद घेण्यात आली, आणि ओटा ही पायरी नव्हे असा ठराव बहुमताने मंजूर झाला.

कोंडिबांनी ओटा बांधला. सुरेख बांधला. वर तळघराच्याच करड्या फरशीचे तुकडे बसवले, कारण तेही मीच सांगितले होते. एकसंध दिसावे म्हणून. ते इतके एकसंध दिसू लागले की ओट्याची कड कुठे संपते हे उजेडातही कळेना. गुडघ्यांवर बसून त्यांनी त्या कडेला पिवळ्या रंगाची हातभर रुंद पट्टी मारली. “ही ऱ्हाऊ द्या, चिटणीस,” ते म्हणाले. मी मान हलवली.

जिन्याच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी लवकर पोचलो. वरून तो लाल जिना राजवाड्यातल्यासारखा दिसत होता, आणि खाली ती पिवळी पट्टी ओरडून सांगत होती की इथे एक पायरी आहे. जो पाहील तो मोजणार, चौदा म्हणणार, आणि मग हा ओटा कशासाठी असे विचारणार. मी थिनरची बाटली आणि फडके घेतले आणि पट्टी पुसून टाकली. रंग पुरता वाळला नव्हता. काम सोपे गेले.

मुहूर्तावर आबा फेटा बांधून, हातात नारळ घेऊन उतरू लागले. वर बँड लावला होता. त्यांच्यापुढे फोटोग्राफर उलट्या पावलांनी चित्रीकरण करत चालला होता. वर एका कोपऱ्यात कोंडिबा उभे होते, गुडघ्यांच्या रबरांसह, धुतलेल्या टोपीत. ते चित्रीकरण मी पुढे अनेकदा पाहिले आहे, कारण ते आसपासच्या दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक मोबाईलवर फिरले. त्यात आधी आबांचे हसरे मुख दिसते. मग मागे कोपऱ्यातला एक म्हातारा एकदम दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडताना दिसतो. बँडमुळे त्याचा शब्द ऐकू येत नाही. मग तळघराचे छत दिसते. थोडा वेळ छतच दिसते. मग त्या छतावर एका बाजूने एक केशरी फेटा येतो, मोठा मोठा होत जातो, आणि अंधार होतो.

आबांचे मनगट मोडले. नारळ मात्र जमिनीवर फुटला, त्यामुळे उद्घाटन विधिवत झाले असे गुरुजींनी सांगितले.

आठवड्याने सभा बसली. आबांचा हात गळ्यात होता. “ओट्याची कड दाखवणारं काही नको होतं का तिथं?” त्यांनी विचारले. “कुणाचं काम हे?”

कोंडिबा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे; एखाद्याने आपली पाळी आली की बोलावे अशी वाट पाहणारे ते पाहणे होते. माझ्यापुढे वही उघडी होती. मी पेनाचे टोपण काढले, बसवले, पुन्हा काढले.

“ओटा म्याच बांदला,” शेवटी कोंडिबा म्हणाले. ते खरेच होते.

मी ते वाक्य लिहिले.

त्यानंतर त्यांना काम मिळेनासे झाले. नसरापूरच्या चौकात पोरे त्यांना ‘पाडणारा मिस्त्री’ म्हणत आणि ते चित्रीकरण दाखवत. हात वर केलेला म्हातारा आनंदाने नाचतो आहे असे त्यावर कोणीतरी लिहिले होते. चाळीस वर्षे ज्या माणसाने दुसऱ्यांची पावले सांभाळली, त्याला कोणी उंबऱ्याची फट बुजवायलाही बोलावेना. ते वाडीवर परत गेले आणि शेळ्या राखू लागले. ओट्याच्या कडेला पिवळी पट्टी मी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मारून घेतली होती, दुसऱ्या माणसाकडून. आजही पंगतीला जाताना ती ओलांडायला मला जमत नाही. मी वरच जेवतो आणि गुडघ्याचे कारण सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी विंझरला एसटीतून उतरलो आणि वाडीची चढण चढलो. वाक्ये पाठ करून आलो होतो. शेवटच्या चढावर मी थांबलो. कोंडिबांच्या घराकडे जाणाऱ्या त्या उघड्या उतारावर आता दगडी पायऱ्या होत्या. रुंद, समतल, प्रत्येकीची कड किंचित गोल. चढताना मी नकळत मोजत गेलो. इंद्र, यम, राजा. चौदा भरल्या.

किर्र किर्र आवाज आला आणि कोंडिबा दारात आले. चेहरा उजळला. “या, चिटणीस, या. बसा.”

मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. ते हसून मान डोलावत राहिले. मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी घोंगडी पुढे सरकवली.

“त्यांना ऐकू येत न्हाई,” आतून चहा घेऊन येत त्यांच्या पत्नी म्हणाल्या. अंगावरचे पातळ नायलॉनचेच होते. “हातोडीनं कान गेलं. आमी शेळ्यांना हाकतो तसं बोलतो त्यांच्याशी. तुमी म्हंजी लईच हळू बोलता, दादा. ते म्हनायचे बी. चिटणीस हळू बोलनारा मानूस, जरा येळ लागंल, पर बोलंल एक दिस.”

मी चहाचा कप खाली ठेवला. उगाच काहीतरी विचारावे म्हणून मी पायऱ्यांकडे बोट केले आणि आधी दहा, मग चार बोटे दाखवली. कोंडिबांना लगेच समजले.

“चौदाच लागल्या,” ते म्हणाले. “उताराला जेवड्या लागत्यात तेवड्या घालायच्या. यमाला बी घरी यायला वाट पायजे की. घसरून पडला तर आपल्याच अंगनात पडंल.” ते खूप वेळ हसले. मग एकदम गंभीर झाले आणि पुढे वाकले. “चिटणीस, त्या ओट्याच्या कडंला पट्टी मारली का परत? कुनी पडलं न्हाई ना त्यानंतर?”

मी मानेनेच सांगितले : मारली. कोणी नाही पडले.

“मंग बरं,” ते म्हणाले आणि मागे टेकले. सहा वर्षे त्यांना एवढेच विचारायचे होते.

मी नमस्कार करून निघालो. मनाशी म्हणालो, पत्र लिहीन. पायऱ्या उतरू लागलो. एकही पायरी हलली नाही, एकाही ठिकाणी पाऊल अडखळले नाही. चौदावी उतरून मी मागे वळलो. कोंडिबा वर दाराशी उभे होते, मी नीट उतरलो का ते पाहत. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, पावलांवर होती.

“कोंडिबा,” मी म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला. “मोठ्यानं,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

“कोंडिबा, ओटा मी बांधायला लावला.” माझा आवाज मलाच ओळखू येईना. शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली.

“आजून मोठ्यानं, दादा.”

मी वाकून चौदाव्या पायरीवर तळवा टेकवला. छाती भरून घेतली. शेळ्यांनी माना वर केल्या, पलीकडच्या बांधावरचा माणूस विळा धरून उभा राहिला, आणि साऱ्या वाडीला, ओढ्यापलीकडे, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी ओरडलो, “पायऱ्या मी चुकीच्या मोजल्या. पट्टी मी पुसली. वहीत खोटं मी लिहिलं. तुमची काही चूक नव्हती, कोंडिबा. चुकलं माझं.”